तीन महिन्यांची साखर

मोठ्या भावाची छाती उघडायची की नाही हे तीन महिन्यांनी ठरवू, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता आणि घरात नवं चिन्नोर, आमच्याकडचा वासाचा तांदूळ, येऊन पडलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. पुढे झालेल्या मनस्तापाचं निम्मं कारण हा योगायोग होता.

छातीत दुखलं म्हणून ज्या दिवशी त्याला नागपूरला नेलं, त्याच दिवशी हृदयाची एक रक्तवाहिनी जाळी बसवून मोकळी केली होती. दुसरीही अरुंद झालेली होती, पण तिचं काय करायचं हे डॉक्टरांनी राखून ठेवलं. तीन महिने औषध, चालणं आणि जेवण नीट सांभाळलं, साखर खाली आली, वजन उतरलं आणि चालताना त्रास झाला नाही, तर औषधावर निभेल. नाहीतर बायपास. मी वर्तमानपत्राच्या भंडारा कार्यालयात काम करतो. समोरचा बोलू लागला की वही काढायची सवय हाताला आहे. त्या दिवशीही काढली. डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे उतरवले: "भात कमी. मीठ कमी. रोज चालायचं. एकही गोळी चुकवायची नाही."

परतीच्या रस्त्यावर मौदा गाव येईपर्यंत भाऊ डॉक्टरांचे कागद उलटसुलट करत होता. मग म्हणाला, "तीस वर्षं डोंगराच्या छातीत सुरुंग लावले. माह्या छातीले कोणाले हात लावू देत नाई."

"मग तीन महिने नीट वाग."

"वागतो ना. कोण नाई म्हणते?"

नाही कुणीच म्हणत नव्हतं. अडचण तिथेच होती.

भाऊ चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली काम करायचा. शिड्या चढायच्या, उतरायच्या, ड्रिल मशीन खांद्याशी धरून उभं राहायचं, ओल्या अंधारात मैलभर चालत जायचं. त्या कामाला जेवढं जेवण लागतं तेवढं तो जेवायचा, आणि ते बरोबर होतं. त्याचा डबा बाकी कुणाच्याही तीन डब्यांएवढा असे. पुढे गुडघ्याच्या दुखण्यामुळे त्याला वर आणलं. शेवटची सहा वर्षं त्यानं हजेरीच्या टेबलाशी खुर्चीवर काढली. मग निवृत्त होऊन आंबागडच्या घरी आला. काम खाणीतून खुर्चीवर आलं, खुर्चीवरून खाटेवर आलं. ताट मात्र खाणीतच राहिलं. ड्रिल चालवणाऱ्या माणसाचा भात बसलेला माणूस आठ वर्षं खात होता. त्याचं पुढे काय होतं हे शाळेच्या पुस्तकातही असतं. आमच्या घरी ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण रिपोर्ट चांगले यायचे.

रिपोर्ट चांगले का यायचे, तेही नंतर कळलं. रक्त तपासायला जायचं ठरलं की भाऊ दोन दिवस आधीपासून कारल्याचा रस प्यायचा, भात सोडायचा, एका वेळेला नुसत्या ताकावर राहायचा. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचा, आकडा ठीक यायचा. त्या दुपारी घरी येऊन दोन ताटं जेवायचा. मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री करतात तसला अभ्यास, आणि त्यावर तो दरवर्षी पास होत होता. नागपूरच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी केली तेव्हा आकडा साडेनऊच्या जवळ निघाला. तो साताच्या आसपास हवा होता.

"ह्या तपासणीला दोन दिवसांचं कारलं चालत नाही," मी त्याला समजावलं. "मागच्या तीन महिन्यांत काय खाल्लं ते ह्यात दिसतं."

"रक्ताले तीन महिने आठवते का?"

"आठवतात."

"मंग तं ते तुह्यासारखंच हाय. पेपरवाल्यासारखं."

वहिनी हसली. मी हसलो नाही. माझ्या मते विषय हसण्याचा नव्हता.

पहिले दहा दिवस मी रोज संध्याकाळी फोन करत होतो. उत्तर रोज एकच यायचं. गोळ्या घेतल्या, चाललो, भात नाही. वहिनीला विचारलं तर तीही तेच सांगायची. दहा दिवसांनी तुमसरला त्याचं वजन केलं तर ते एक किलोनं वाढलेलं होतं. चौऱ्याऐंशीचं पंच्याऐंशी.

माझी साप्ताहिक सुटी मंगळवारी असते. पुढच्या मंगळवारी मी आंबागडला गेलो, वही काढली आणि आदल्या दिवशी सकाळपासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं ते क्रमानं सांगायला लावलं. त्यानं न अडखळता सांगितलं. सकाळी पोहे, बशी भरून. दुपारी तांदळाच्या तीन भाकरी, वांग्याची भाजी. चार वाजता मुरमुऱ्याचा चिवडा. रात्री आयते, पाच. आयते म्हणजे तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी. आमच्याकडे हिवाळ्यात होतातच.

"आणि भात?"

"एक शीत नाई," भाऊ म्हणाला. चेहऱ्यावर शपथेवर साक्ष दिल्याचा भाव होता.

"दादा, हे सगळं तांदूळच आहे."

"तांदूळ होय. भात कुठी होय?"

"साखरेला काय फरक पडतो?"

"मले नको सांगू. तुह्या वहीत पाय. डाक्टर काय म्हणला?"

मी वही उघडली नाही. त्यात काय आहे ते मला माहीत होतं. त्यानंच हात लांबवून वही घेतली, चष्मा लावला, पान शोधलं आणि मोठ्यानं वाचलं, "भात कमी." मग वही मला परत दिली. "तांदूळ म्हणला का? तूच लिहिलं."

वाक्य अचूक होतं. आयुष्यभर मी बातमीदारांना सांगत आलो की माणूस बोलला तेच लिहा, त्याला म्हणायचं होतं ते लिहू नका. आमच्या भागात धान शेतात असतं, तांदूळ पोत्यात असतो आणि भात ताटात असतो. तिघांची नावं वेगळी, मान वेगळा. डॉक्टर विदर्भाचे असले तरी गव्हाच्या मुलखातले होते. त्यांना हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं आणि मी विचारलं नव्हतं.

वहिनीनं गहू दळून आणला. चार दिवस पोळ्या झाल्या. पाचव्या दिवशी भाऊ म्हणाला, "पोट भरते. पण जेवलो असं नाई वाटत." ज्वारी आणली तेव्हा म्हणाला, की बिमार नसलेला माणूसही हिनं बिमार पडेल. मी फोनवरून डाळीचं, पालेभाजीचं, तलावातल्या मासोळीचं महत्त्व सांगत राहिलो. शेवटी वहिनीनंच माळ्यावरून खाणीच्या कँटीनमधलं जुनं खणांचं स्टीलचं ताट काढलं. एक मोठा खण भाताचा, दोन मधले, कोपऱ्यात एक लहानसा लोणच्याचा. तिनं मोठ्या खणात भाजी वाढली, मधल्यांत वरण आणि मासोळी, आणि लोणच्याच्या खणात भात.

भावानं ताट उलट फिरवून पाहिलं. खण तेच राहिले.

"हे काय होय?"

"भात होय," वहिनी म्हणाली. "कमी भात. डाक्टर म्हणला तसा. आता तांदळाचं बाकी काईच नाई, पोहे नाई, आयते नाई. भात खायचा तं एवढाच भात खा. चिन्नोरचाच करते."

हा तोडगा मी सुचवलेला नव्हता. तो टिकला. चिन्नोरचा वास सगळ्या घरभर असायचा आणि ताटात मूठभर भात असायचा. भाऊ तो सगळ्यात शेवटी, एकेक घास मोजून खायचा. दर वेळी तो उठताना "लोणचं संपलं" असं म्हणायचा.

जेवण असं मार्गावर आलं. चालण्याचं काय चुकतंय हे मात्र कळत नव्हतं. तो रोज सकाळी साडेसहाला निघून साडेसातला परत येत होता, याला वहिनी साक्षीदार होती. तासभर चालणाऱ्या माणसाचं वजन काही तरी हलायला हवं. म्हणून पुढच्या मंगळवारी मी पहाटेच पोचलो आणि त्याच्याबरोबर निघालो.

निघताना त्यानं खुंटीवरची रिकामी पिशवी काढून काखेत मारली.

"पिशवी कशाला?"

"चाल तं. कळंल."

शंभर पावलांवर, कुंपणावर वालाचा वेल चढवलेल्या घराच्या अंगणात आमची एक लांबची काकी सडा टाकत होती. तिनं मान वर केली. "कुठी चालले बाप्पा, दोघं भाऊ सकाळी सकाळी?"

"दळणाचं पाहून येतो," भाऊ म्हणाला.

"चक्की तं नऊले उघडते."

"म्हणूनच तं पाहून येतो."

"मंग बसा ना. अजून येळ हाय. चहा टाकते."

आम्ही बसलो. चहा आला. साखर वर तरंगत नव्हती एवढंच. सोबत वाटीभर मुरमुरे. उठून रस्त्याला लागल्यावर मी भावाला विचारलं, की फिरायला चाललो असं सरळ का सांगत नाहीस.

"पयल्या दिवशी सांगतलं ना. 'कुठी चालले?' म्हणे. 'असाच' म्हणलं. 'असाच कसा? घरी भांडण झालं का?' म्हणे. पुढच्या घरी इचारलं, 'कोणी गेलं का?' तिसऱ्या घरचा तं पानीच घेऊन आला. म्हणे बसा, धीर धरा."

"बिनसाखरेचा चहा मागायचा."

"मागतला. एका घरी. मंग?"

मग काय झालं ते त्यानं सांगितलं आणि माझा उरलासुरला संयम संपला. बिनसाखरेचा चहा मागणं म्हणजे बिमारी जाहीर करणं, आणि बिमारी जाहीर झाली की औषध सुचवणं हे प्रत्येकाचं कर्तव्य. त्या एका घरातून तीन औषधं निघाली होती. जांभळाच्या बियांची पूड, गुळवेलीचा काढा आणि एक सल्ला. सल्ला असा, की प्रेशरची गोळी रोज घेऊ नये, सवय लागते. डोकं दुखेल तेव्हाच घ्यावी. भावानं आठ दिवस ती गोळी घेतली नव्हती. डोकं दुखलं नव्हतं.

मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून त्याला बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. प्रेशर डोकं दुखवून येत नाही, ते गुपचूप चढलेलं असतं, आणि अडलेल्या रक्तवाहिनीवर त्याचा भार म्हणजे काय, हे एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. पलीकडच्या घरातून एक माणूस बाहेर आला. "काय झालं जी? भांडता काहून? या, चहा घ्या."

त्या सकाळी घड्याळ लावून मोजलं. घरून निघून घरी येईपर्यंत एक तास दोन मिनिटं. त्यातलं प्रत्यक्ष चालणं एकोणीस मिनिटं. चहा पाच. पाच चहांची साखर आणि तीन घरांचे मुरमुरे धरले, तर चालून जेवढं जळलं त्यापेक्षा कितीतरी जास्त आत गेलं होतं. भाऊ चालण्यासाठी बाहेर पडून साखर खाऊन येत होता. घरीच झोपून राहिला असता तर बरं झालं असतं, असं मी वहिनीला म्हणालो.

वहिनी चुलीशी होती. "भाऊजी, तुमी केवढे चालता, मोजलं का कदी?"

मी मोजलं नव्हतं. कार्यालयाचा जिना दोन मजल्यांचा आहे. बाकी खुर्ची.

गावाच्या बाहेर, तलावाच्या पाळीवरून चाल, तिथे घरं नाहीत, असा उपाय मी सांगून आलो. तो चार दिवस चालला. पाळीपर्यंत पोचायला आठ घरं लागतात. काम नसलेला माणूस आठ घरांच्या तोंडावरून रोज निघून जातो आणि कुणाकडे टेकत नाही, म्हणजे तो रागावलेला आहे, असा अर्थ लावून काकी वहिनीकडे चौकशीला आली. आमचं काय चुकलं, म्हणाली.

डिसेंबर संपला. उरले दोन महिने.

जानेवारीच्या सुरुवातीला वहिनीचा भाऊ नाकाडोंगरीहून भेटायला आला आणि मोटारसायकलवर पोत्यात बांधून एक बोकड घेऊन आला. लहान, काळा, एका कानावर पांढरा ठिपका. खाली उतरवताच तो ओरडायला लागला आणि पुढचे दोन महिने थांबला नाही.

"भाऊजी बरे झाले का याचाच बेत," वहिनीचा भाऊ म्हणाला. "तवरक पोसा. मी सोता येतो कापाले."

चरबीचं मटण, हृदयाचा रोगी आणि बरं झाल्याचा आनंद, या तिन्ही गोष्टी एका वाक्यात बसवणाऱ्या माणसाला काय सांगणार? मी त्या दिवशी तिथे नव्हतो. असतो तरी उपयोग झाला नसता.

बांधलेला बोकड चारा मागतो. वहिनीला घरचं, शेतातल्या लाखोरीच्या पिकाचं, बचत गटाचं काम होतं. तिनं दोराचं टोक भावाच्या हातात दिलं. "तुमी तं जाताच सकाळी. याले संग न्या."

"मी कंपनीत तीस वर्षं नोकरी केली. बकऱ्या राखल्या नाई."

"मंग ओरडू द्या त्याले."

भावानं दोन दिवस ओरडू दिलं. तिसऱ्या दिवशी दोर धरून निघाला. चौकातल्या पानठेल्यावर त्याचं स्वागत झालं.

"का जी, कंपनीनं पेन्शनमदे बोकड देल्ला का?"

"दोघातला कोण कोणाले चारून राहिला?"

"भाऊ, हाजरी लावली का त्याची?"

हे सगळं त्यानंच मला फोनवर सांगितलं, फार चिडून. मी त्याला दोर सोडू नको एवढंच म्हणालो. मला वाटलं होतं बोकड चार दिवसांत कंटाळवाणा होईल आणि पुन्हा पिशवी निघेल.

चौथ्या दिवशी काकीनं नेहमीप्रमाणे हाक मारली. भाऊ नेहमीप्रमाणे बसला. दोर खाटेच्या पायाला गुंडाळला. चहा उकळेपर्यंत बोकडानं कुंपणावरचा वालाचा वेल तोंडाला लागेल तेवढा, शेंगांसकट, जमिनीपासून कमरेपर्यंत साफ केला. जानेवारीतला वाल. काकीनं तो पावसाळ्यापासून जोपासला होता. तिनं चहाचं भांडं खाली ठेवलं आणि जे बोलली त्यात चहाचा उल्लेख नव्हता.

दुसऱ्या घरी झेंडू गेला. तिसऱ्या घरी वाळत घातलेल्या वड्या. आठवड्याभरात आंबागडचं आदरातिथ्य संपलं. भाऊ वळणावर दिसला की फाटकं लागायची. "दादा, बाहेरच ऱ्हा जी. तिकडूनच बोला." कुठी चालले, हे कुणी विचारेनासं झालं. दोराला बोकड बांधलेला माणूस कुठे चालला आहे हे दिसतंच. त्याच्याकडे कारण होतं, आणि त्या कारणाला चार पाय होते. आमच्या सगळ्या उपायांत जे कमी होतं ते हेच होतं. मला ते सुचलं नव्हतं, वहिनीला सुचलं होतं की काय, हे तिनं आजतागायत सांगितलेलं नाही.

भाऊ मात्र दुखावला. फोनवर म्हणाला, "लोक चहा नाई इचारून राहिले. एवढी वर्षं गावात काढली."

"फार चांगलं झालं."

"तुले चांगलं वाटते. तुह्याकडे हापिसात कोण चहा नाई देत का?"

बोकड गावात थांबत नव्हता. तो भावाला ओढत तलावाच्या पाळीवरून पलीकडे नेई, आणि तिथून किल्ल्याच्या टेकडीच्या उतारावर, बोरी-बाभळींच्या पाल्याकडे. चढाचं ऐकून मी घाबरलो आणि डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, चालताना नीट बोलता येत असेल तेवढ्याच वेगानं चढायचं. दम लागला की थांबायचं. छातीत जड वाटलं की बसायचं आणि लगेच कळवायचं. मी ते शब्द भावाला वाचून दाखवले. त्यानं ते पाळले. तो चढताना सतत बोलत असे, बोकडाशी. त्यातल्या बहुतेक शिव्या होत्या, पण बोलता येत होतं.

एका मंगळवारी मी पुन्हा घड्याळ घेऊन गेलो. एक तास अकरा मिनिटं. थांबणं नऊ मिनिटं, तीही चढावर. चहा शून्य. उतरताना मी मागे पडलो आणि दोघंही माझ्यासाठी बाभळीखाली उभे राहिले. त्या दिवशी धानाच्या काट्यावर दोघांचं वजन केलं. भाऊ एक्याऐंशी. बोकड तेरा.

"एक उतरून राहिला, एक चढून राहिला," वहिनी म्हणाली. "घरातलं वजन घरातच हाय."

फेब्रुवारीच्या शेवटी नागपूरला जायचं होतं. दोन दिवस आधी मी फोन केला तर मागे मिक्सरचा आवाज येत होता. कारलं.

"दादा, ह्या तपासणीला त्याचा उपयोग नाही हे मी तुला तीन वेळा सांगितलं."

"असू दे ना. रक्ताले सेवटचं तं आठवंलच."

डॉक्टरांनी कागद पुढे ओढले. साखर साडेसातच्या थोडी वर. प्रेशर गोळीसकट ताब्यात. वजन एकोणऐंशी. फिरत्या पट्ट्यावर चालवून पाहिलं, त्रास झाला नाही. भाऊ टेबलाच्या कडेला दोन्ही हात धरून बसला होता. खाणीत सुरुंग लावून आडोशाला बसल्यावर तो असाच बसत असणार. डॉक्टर कागदावरून नजर न काढता बोलले. मी लिहून घेतलं.

बाहेर पायऱ्यांवर भावानं विचारलं, "पास का नापास?"

"पास. पण काठावर."

"काठावर तं काठावर. पास ना?" त्यानं शर्टाची बटणं उघडून छातीवरून एकदा हात फिरवला आणि पुन्हा लावली. मग म्हणाला, "कारल्यानं काम केलं."

मी वही खिशात ठेवली. गाडीपर्यंत आम्ही चालत गेलो. तो पुढे होता.

बातमी नाकाडोंगरीला आमच्या आधी पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा भाऊ दारात हजर. सोबत मसाल्याची पुडी, नवा सुरा, आणि गावातून दोन माणसं बोलावलेली. बोकड अंगणात ओरडत होता, म्हणजे नेहमीसारखाच.

"चला भाऊजी. बोललो होतो तसं. बरे झाले का बेत."

भाऊ खाटेवर बसला होता. दोर त्याच्या पायाशी होता. "कोण म्हणलं बरे झालो?"

"डाक्टर म्हणला ना!"

"असा म्हणला का?" भावानं माझ्याकडे हात केला. "पेपरवाल्या, वही काढ. डाक्टर काय म्हणला ते वाच. त्याच्या शब्दात वाच. तुहे नको लावू."

मी वही काढली, पान उघडलं आणि वाचलं: "सध्या छाती उघडायची गरज नाही. असंच चालू ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा या."

"यात 'बरे झाले' कुठी हाय?" भावानं विचारलं.

नव्हतं. वहिनीच्या भावानं वही स्वतः घेऊन पाहिली, पुढचं पान उलटलं, मागचं उलटलं. पुढच्या पानावर एका ग्रामसभेचे मुद्दे होते. बोलावलेली दोन माणसं फाटकाशी उभी होती. त्यातला एक म्हणाला, मंग आता काय करायचं जी, सुऱ्याले धार तं लावली.

"याले कापाल तं उद्यापासून हे चालतील कोणासंग?" वहिनी आतून म्हणाली. "तुमी येसाल का रोज नाकाडोंगरीहून, गळ्यात दोर घालून?"

दुपारी मासोळी झाली. पाहुण्याच्या साध्या ताटात चिन्नोरचा ढीग होता, भावाच्या ताटात लोणच्याच्या खणाएवढा. भाऊ त्या ढिगाकडे दोनदा बघताना मला दिसला. मागितला नाही.

निघताना वहिनीच्या भावानं मला फाटकाबाहेर बाजूला घेतलं. तो खरोखर नाराज होता. "भाऊ, तुमची ओळख असते सगळीकडे. 'बरे झाले' असं डाक्टरकडून लिहून आणता नाई येत का? एका ओळीत?"

विचारतो, असं मी म्हणालो.

तपासणीची पुढची तारीख मेच्या शेवटी आहे. मी अजून विचारलेलं नाही.